नीलगिरीचं तेल: बाटली उघडण्याआधी

मिरजेत औषधांच्या काउंटरमागे मी ३१ वर्षं उभी होते. मिरगाचा पाऊस लागला की आणि पुन्हा दिवाळीनंतर थंडी पडली की नीलगिरीच्या तेलाची मागणी वाढायची. बाटली हातात देण्याआधी मी प्रत्येकाला विचारायचे, "कशाला हवंय?" काहींना ते आवडायचं नाही. पण उत्तरं अशी असायची की विचारणं सोडवेना. बाळाचं नाक चोंदलंय, दोन थेंब नाकात घालायचेत. सासऱ्यांचे गुडघे धरलेत. साखरेवर टाकून खायचंय, खोकला मोडतो म्हणतात. फरशी पुसायच्या पाण्यात टाकायचंय. बाटली तीच, २५ मिलीची, आणि यातली दोन कामं चांगली, दोन धोक्याची.

मागे रांग असायची, त्यामुळे दोन वाक्यांत जमेल तेवढं सांगायचे. आता निवृत्त झाले आहे, तर नीट सगळं लिहून ठेवते.

आधी कागदावर एक थेंब

वहीचा कोरा कागद घ्या. एका बाजूला खोबरेल तेलाचा थेंब टाका, दुसऱ्या बाजूला नीलगिरीचा. सुरुवातीला दोन्ही डाग सारखेच दिसतील, कागद पारदर्शक झाल्यासारखा. कागद पंख्याखाली ठेवा आणि आपल्या कामाला लागा. दुपारी जेवायच्या वेळी पाहा. खोबरेलाचा डाग रुपयाएवढा होता तो बांगडीएवढा झालेला असेल. नीलगिरीच्या जागी काहीच नसेल. कागद नाकाशी नेला तर पुसटसा वास येईल, एवढंच.

बाटलीतल्या द्रवाला आपण तेल म्हणतो, कारण ते पाण्यात मिसळत नाही, पाण्यावर तरंगतं. पण खोबरेल, शेंगतेल, करडई यांच्याशी त्याचं नातं नाही. ते उडून जाणारं आहे आणि त्याचा सगळा जोर त्या उडण्यात आहे. ते कुठे उडावं, किती उडावं आणि कुणाच्या नाकाजवळ उडू नये, एवढं धरून चाललं की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप कळतात.

हाच कागद बाटली विकत आणल्यावरही उपयोगी पडतो. थेंब उडून गेल्यावर मागे तेलकट कडा राहिली, तर त्यात स्वस्त खाद्यतेल किंवा तसलं काहीतरी मिसळलेलं आहे. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या युक्तीने पकडता येत नाही, कारण तेही उडूनच जातं. प्रयोगशाळेत त्यासाठी ७० टक्के अल्कोहोल वापरतात. चांगलं नीलगिरी तेल पाचपट अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळतं, भेसळीचं गढूळ होतं. घरी हे करत बसू नका. त्याऐवजी लेबल वाचा. 'आय. पी.' म्हणजे भारतीय औषधसंहितेची अक्षरं असलेली बाटली घ्या. औषधी प्रतीच्या तेलात सिनिओल नावाचा घटक साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त असतो. दिव्यात घालायची 'सुवासिक तेलं' नीलगिरीच्या नावाने मिळतात, ती अंगाला लावायची नाहीत आणि त्यांचा वाफाराही घ्यायचा नाही.

झाड कुठलं, तेल कुठलं

आपण झाडालाच नीलगिरी म्हणतो, त्यामुळे ते मुळात नीलगिरीच्या डोंगरातलंच असं वाटतं. झाड ऑस्ट्रेलियाचं, टास्मानिया आणि व्हिक्टोरियाकडचं. युकॅलिप्टस ग्लोब्युलस. इंग्रज अमलात १८४३ साली उटीच्या परिसरात ते लावलं गेलं आणि १८६० नंतर तिथे मोठ्या लागवडी झाल्या. तेल हा तेव्हा हेतू नव्हता. डोंगरातली शोला जंगलं, म्हणजे खोऱ्यांतली दाट झाडी, जळणासाठी तुटत होती आणि भराभर वाढणारं लाकूड हवं होतं. त्या लागवडींनी तिथली गवताळ कुरणं किती खाल्ली हेही खरं आहे, आणि तेलाचं कौतुक करताना मला ते विसरता येत नाही.

व्यापारासाठी हे तेल पहिल्यांदा काढलं ते ऑस्ट्रेलियात, जोसेफ बोसिस्टो नावाच्या माणसाने, १८५२ साली. तो औषधविक्रेता होता. हे मला कॉलेजात कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपल्यासारखाच बाटल्या भरणारा माणूस.

उटीला मी नणंदेबरोबर गेले होते. कुन्नूरकडे जाताना रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमधून धूर येताना दिसला आणि मी गाडी थांबवायला लावली. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, बॉटॅनिकल गार्डन बंद होईल." झालं तरी चाललं असतं. शेडमध्ये पुरुषभर उंचीचं पिंप होतं, खाली भट्टी. एक मुलगा पिंपात उतरून पानं पायाने दाबत होता, आपल्याकडे गवताची गंजी दाबतात तशी. झाकण बसवून त्यांनी कडेने ओली माती थापली, वाफ फटीतून जाऊ नये म्हणून. झाकणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या हौदातून वळसे घेत जात होती आणि शेवटी एका भांड्यात गळत होती. भांड्यात खाली पाणी आणि वर बोटभर फिकट पिवळसर थर. तेच तेल. उकडून निघालेली मागच्या घाण्याची पानं वाळवून तीच भट्टीत घालत होते. आम्हाला तमिळ येत नव्हतं, त्यांना मराठी, तरी हाताच्या खुणांनी इतकं कळलं की एवढ्या पिंपातून फार थोडं निघतं. हिशेब तसाच आहे, १०० किलो ओल्या पानांमागे किलोभर तेल, कधी त्याहूनही कमी.

त्या माणसाने ढिगातलं एक पान उचलून माझ्या हातात दिलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. पान उजेडापुढे धरलं. टाचणीने टोचून ठेवल्यासारखे बारीक बारीक प्रकाशाचे ठिपके, अख्ख्या पानभर. त्या तेलाच्या पिशव्या. पंधरा वर्षं मी हे तेल विकत होते आणि ते पानात कुठे असतं हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तुमच्याकडे झाड असेल तर नक्की करून पाहा.

आता एक खुलासा, कारण गावाकडून हा प्रश्न नेहमी येतो. आपल्याकडे बांधावर, कॅनॉलच्या कडेने जी नीलगिरी लावली जाते ती बहुतेक वेळा वेगळ्या जातीची असते, लाकडासाठी लावलेली. तिच्या पानांत तेल कमी आणि त्यात सिनिओल किती निघेल याचा भरवसा नाही. तिची पानं पाण्यात उकळून वास येईल, त्याने काही बिघडणार नाही, पण बाटलीतल्या तेलाशी त्याची बरोबरी करू नका. तिसरी जात लिंबाच्या वासाची. तिच्या तेलात सिट्रोनेलाल असतं, सिनिओल नाही. ते साबणात, अत्तरात जातं आणि त्यावर प्रक्रिया करून डासांना दूर ठेवणारं द्रव्य तयार करतात. साध्या नीलगिरी तेलाने डास फारसे हटत नाहीत. डासांसाठी ते चोळून झोपण्यात अर्थ नाही.

वाफारा

नीलगिरी हुंगल्यावर नाकात जो गार झोत गेल्यासारखा वाटतो तो सिनिओलमुळे. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं, आणि श्वास मोकळा झाला असं मेंदूला वाटतं. वेलदोडा चावल्यावर घशात येणारा गारवा आठवा, त्यातही सिनिओल आहेच. नाकाच्या आतली सूज तेलाने उतरते असं समजू नका. शेंबूड सैल करायचं काम गरम वाफेचं आहे. पण सर्दीत रात्री अकरा वाजता नुसतं मोकळं वाटणं हेही थोडं नसतं, म्हणून मी स्वतः वाफारा घेते.

माझी पद्धत अशी. अर्धा लिटर पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा आणि पाणी रुंद बुडाच्या जड पातेल्यात ओतायचं. पातेलं टेबलावर, भिंतीला लागून. मांडीवर नाही, पलंगावर तर मुळीच नाही. दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे वाफेचा पहिला भपका जातो. मग दोन थेंब. फार तर तीन. टॉवेल डोक्यावरून घ्यायचा, चेहरा पातेल्यापासून दीड वीत लांब, डोळे मिटलेले. पाच मिनिटं पुरेत. डोळे उघडे ठेवले तर चरचरतात, आणि मग लोक म्हणतात तेल खराब आहे.

गोधडी घेऊन बसायची सवय मोडा. तिचा कोपरा पातेल्यात अडकतो आणि उठताना सगळं अंगावर येतं. वाफाऱ्याने भाजलेली माणसं मी ओळीने मलम न्यायला आलेली पाहिली आहेत, त्यात मुलं जास्त. मुलांना पातेल्यापुढे बसवूच नका. न्हाणीघरात गरम पाणी सोडून, दार लावून, मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसलात तर तीच वाफ मिळते, तेलाशिवाय.

वाफेचं मशीन असेल तर तेल पाण्याच्या टाकीत टाकू नका. का ते थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहा. थर्माकोल त्या जागी खाली बसत जातो आणि खळगा पडतो. हे तेल काही प्लास्टिक विरघळवतं. दातांचे डॉक्टर जुनं रूट कॅनल उघडताना आतला गटापर्चा, म्हणजे रबरासारखं भरण, मऊ करायला याच सिनिओलचा वापर करत आले आहेत. तुमच्या मशीनची टाकीही तडकू शकते.

पातेलंही नको असेल तर रुमालाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून तो उशाशी, हातभर लांब ठेवा. उशीवर थेट थेंब टाकला तर झोपेत गालाला लागतो आणि सकाळी लाल चट्टा उठतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मोबाईलवर एक निरोप फिरत होता. कापूर, लवंग, ओवा आणि नीलगिरीचे थेंब यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातला प्राणवायू वाढतो. लोक ऑक्सिमीटर बोटाला लावून पुरचुंडी नाकाशी धरून बसले होते. प्राणवायू तसा वाढत नाही. बरं वाटतं, आणि बरं वाटल्यामुळे दवाखान्यात जायला उशीर होतो. आमच्या गल्लीत तसा उशीर झालेला मी पाहिला आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: दम लागत असेल, बोटं निळसर होत असतील तर हे तेल बाजूला ठेवा आणि निघा.

गुडघे, खांदे, पाठ

तेल कधीही नुसतं चोळायचं नाही. ३० मिली, म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे खोबरेल किंवा तीळतेल घ्यायचं आणि त्यात १२ थेंब. साधारण दोन टक्के होतं. एवढ्याने वास येतो, कातडीला ऊब येते आणि आग होत नाही. पहिल्यांदा वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस जाऊ द्या.

सासूबाईंच्या गुडघ्यांना मी रोज रात्री हे चोळायचे. झीज झालेला सांधा त्याने भरून येत नाही, ते त्यांनाही माहीत होतं. चोळण्यातली ऊब आणि वास, त्यावर त्यांना झोप लागायची. फक्त चोळल्यावर वरून गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, पट्टी घट्ट बांधू नका. उडायला वाट मिळाली नाही की तेल कातडीला भाजून काढतं. चिरलेल्या, खरचटलेल्या जागेवर तर नाहीच.

तोंडात नाही, आणि बाळाच्या जवळ नाही

१९९४ साली माझी मुलगी तीन वर्षांची होती. सासूबाईंचे गुडघे चोळून झाले आणि मी बाटली खिडकीत ठेवून, झाकण नुसतंच टेकवून, दूध उतरवायला गेले. परत आले तर बाटली तिच्या हातात. फ्रॉकवर तेल, तोंडाला वास आणि ठसका. ती किती प्याली हे आजही मला सांगता येणार नाही. पाच-सात मिनिटांत उलटी झाली. मग ती पेंगायला लागली, आणि उभी केली तर पाय लटपटायला लागले.

मी शिकलेली औषधनिर्माती. तरी पहिल्यांदा काय सुचलं, तर मिठाचं पाणी पाजून आणखी उलटी काढावी. शेजारच्या डॉक्टरांनी हात धरला. "काही पाजू नका, रिक्षा बोलवा." उडणारं तेल उलटीबरोबर श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते, आणि तो त्रास पोटातल्या तेलापेक्षा मोठा. रात्रभर तिला दवाखान्यात नजरेखाली ठेवलं. पहाटे तिने पाणी मागितलं. ती रात्र अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली तेलही लहान मुलाला गंभीर आजारी पाडू शकतं. झोपाळूपणा, तोल जाणं, झटके येणं, श्वास मंदावणं, हे अर्ध्या तासातही सुरू होऊ शकतं. मूल प्यालं तर उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका, बाटली बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं डोळा धुवा, मग डॉक्टर.

साखरेवर, बत्ताशावर थेंब टाकून खायची पद्धत जुन्या घरांत आहे. माझ्या माहेरीही होती. ती सोडा. जर्मनीत सिनिओलच्या कॅप्सूल औषध म्हणून मिळतात हे खरं, पण त्यात मोजून मिलिग्रॅममध्ये शुद्ध सिनिओल असतं. आपल्या बाटलीचा थेंब किती मोठा पडेल ते तिच्या बुचावर अवलंबून.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला, झबल्याला, टोपीला हे तेल लावू नका. आज्या ऐकत नाहीत. त्यांना मी सांगते, "आजी, तुमच्या मायेला वास लागत नाही." बाळाच्या नाकासाठी साध्या मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते विचारून घ्या. फिट येणाऱ्या माणसाने या तेलापासून लांब राहावं. वासानेही फिट आल्याच्या नोंदी बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत, आणि कापराचंही तसंच आहे. बाम घेताना लेबलावर ही दोन नावं आहेत का ते त्यांनी पाहावं. दमेकऱ्यांना उग्र वासाने उबळ येऊ शकते. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. घरात मांजर असेल तर तेलाने पुसलेल्या फरशीवरून ती चालते आणि मग पंजे चाटते. मांजरांना हे विषारी आहे.

फरशी, लोकर आणि चीक

फरशीसाठी: बादलीत थेट थेंब टाकले तर ते वर तरंगतात आणि फडक्याला एका जागी लागतात. आधी वाटीत चमचाभर पातळ साबण घ्या, त्यात आठ-दहा थेंब ढवळा, मग बादलीत ओता. वास छान येतो. जंतुनाशक म्हणून मात्र त्यावर विसंबू नका.

स्वेटर धुताना शेवटच्या पाण्यात असेच साबणात मिसळलेले चार थेंब घातले तर पेटीतला कोंदट वास जातो. ऑस्ट्रेलियात लोकर धुवायला हे तेल फार पूर्वीपासून वापरतात. पेटीत कापसाचा बोळा ठेवायचा तर डबीत, झाकणाला भोकं पाडून ठेवा, आणि महिन्याने बदला, कारण तोवर ते उडून गेलेलं असतं.

माझं सगळ्यात आवडतं काम चिकटपणा काढण्याचं. लोणच्याच्या बरण्यांवरचं लेबल निघतं आणि गोंद राहतो, त्यावर फडक्याने दोन थेंब लावून पाच मिनिटं थांबा, मग पुसा. चपलेला लागलेलं डांबर, कपड्याला चिकटलेलं च्युइंगम, सुरीवर राहिलेला फणसाचा चीक, सगळं सुटतं. फणस कापताना आधी हाताला खोबरेल लावायचंच, पण विळीच्या पात्यावर वाळलेल्या चिकासाठी याच्यासारखं दुसरं काही मला मिळालं नाही. नंतर पातं साबणाने दोनदा धुवा. पॉलिश केलेलं लाकूड, चष्म्याची काच-फ्रेम, रिमोट, यांना हे लावू नका. कपड्यावर आधी आतल्या शिवणीत लावून रंग उतरतो का पाहा.

हे सगळं गॅस आणि देवाच्या दिव्यापासून लांब करा. साधारण ५० अंशाच्या आसपास तापलं की याची वाफ पेट घेऊ शकते.

बाटली

तपकिरी काचेची बाटली, घट्ट बूच, कपाटात, उंचावर. खिडकीत नाही. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीला कायमचा लावून ठेवला तर रबर वाफेने फुगून चिकट होतं, म्हणून वापरून झालं की धुऊन वेगळा ठेवा. आणाल त्या दिवशी लेबलवर तारीख लिहा. तेल निम्म्याच्या खाली आलं की छोट्या बाटलीत काढा. रिकाम्या जागेतली हवा तेल बिघडवते, आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त चावतं.

वास टर्पेंटाइनकडे झुकला, किंवा तेल दाट आणि गडद पिवळं झालं, की अंगासाठी ते संपलं. टाकून द्यायची मात्र गरज नाही. आमच्याकडे अशा बाटलीवर लाल पेनाने "फक्त डाग" लिहितात आणि ती पक्कड-पान्याच्या डब्यात, कुलूप लावून ठेवतात.